बॅरिटोनचा गंधार अखेर लागला

मंडळी, ‘एंजल बँड’ या ब्लूग्रास (अमेरिकेतलं तंतुवाद्यांवरचं लोकढंगी संगीत) शैलीतल्या गॉस्पेलचं, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीताचं, ध्रुवपद काल पहिल्यांदा चारही आवाजांत एकजीव लागलं! मागच्या नोंदीपर्यंत बास (सगळ्यात खालचा आवाज) जागेवर आला होता, टेनरचीही (सगळ्यात वरचा) चिंता नव्हती. अडून बसला होता तो मधला आवाज, बॅरिटोन.

लीड, म्हणजे मूळ चाल गाणारा, पंचमावर गेला की टेनर वरचा षड्ज घेतो आणि उरलेला गंधार बॅरिटोनच्या वाट्याला येतो. आमचा गडी तो कीबोर्डवर पडताळून लावायचा. एकटा गायला की निर्दोष, चौघांत मिसळला की भातातल्या खड्यासारखा. ट्यूनरचा काटा बरोबर मध्यावर आणि कान नाखूश. आवाज कमी करून पाहिला, स्वर गोल करून पाहिला, माइकपासून मागे सरकवलं. सूर दबला, खुपणं तेवढंच.

शेवटी कीबोर्ड बंद केला आणि मिरजेचा तानपुरा काढला. गाणं जी मध्ये, म्हणजे पांढरी पाच. बायकी तानपुरा तिथे छान बोलतो. जवारी, म्हणजे तारेचा झणकार, खुलली की षड्जाच्या तारेतून आपसूक उमटणारा गंधार कीबोर्डच्या गंधाराहून सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली असतो. बॅरिटोननं तोच धरला आणि आवाज असे जुळले की वर कुठूनसा पाचवा सूर ऐकू यायला लागला. ते ध्रुवपद आम्ही कितीतरी वेळ गातच राहिलो. अ‍ॅपवरच्या तानपुऱ्यानं हे साधलं नव्हतं. आमच्या अ‍ॅपमधली जवारी फार बोथट आहे.

सी कॉर्डवर मात्र अजून गुंता आहे. तिथे धैवत (म्हणजे ई) साधारण १६ सेंट उतरवावा लागतो आणि तानपुऱ्याचा पंचम मध्ये येतो. तेवढ्या ओळींसाठी पहिली तार मध्यमात लावून बघणार आहे.

एका सुरापायी एवढी खटपट, कारण या गाण्यांत लपायला जागाच नाही. ब्लूग्रासचा जनक बिल मन्रोच्या १९४६ च्या चौकडीच्या गॉस्पेल ध्वनिमुद्रणांत फिडल आणि बँजो गप्प, साथीला फक्त मँडोलिन आणि गिटार. अर्ल स्क्रग्जसारखा बँजोचा बादशहासुद्धा गॉस्पेलला बँजो खाली ठेवून गिटार घ्यायचा. मरणाच्या दारातला माणूस देवदूतांना बोलावतोय, तिथे वेगाची करामत हवीच कशाला? स्टॅन्ली बंधूंचं १९५५ चं ‘एंजल बँड’ पुन्हा ऐका, किती थोडक्यात केवढं सांगितलंय.

पुढचा बेत गिटार-मँडोलिन घालून ध्वनिमुद्रणाचा होता. पण पडद्यांवरचा गंधार कीबोर्डसारखाच चढा, म्हणजे पुन्हा तेच भांडण. हे लिहिता लिहिता सुचलं: गिटारवरचा ब्लूग्रासचा नेहमीचा जी कॉर्ड! पाचवी तार मुकी, दुसरीवर तिसरा पडदा. त्यात बी, म्हणजे गंधार, नाहीच, नुसते षड्ज-पंचम. मँडोलिनला सुट्टी. कडव्यांना असा गिटार आणि शेवटचं ध्रुवपद निव्वळ गळ्यावर. राल्फ स्टॅन्लीनं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट चर्चमधली ही बिनसाथीची गायकी ब्लूग्रासमध्ये आणली, तो रस्ता आम्हाला आता जास्त जवळचा वाटतोय.

सी वाजवताना ई टाळणारा सोपा फॉर्म कुणाला सापडला असेल तर तारा आणि पडद्यांसकट कळवा. रविवारी एकाच कंडेन्सर माइकभोवती उभं राहून पहिला टेक घेतोय.