कॅलगरीतील कॅमोमाइल: दुबार पेरणीची वेळ

मागील नोंदीत येथे कॅनडातील कॅलगरीत १८ एप्रिलला केलेली जर्मन कॅमोमाइलची (चहासाठी वापरल्या जाणाऱ्या सुवासिक फुलांच्या झाडाची) पेरणी मी काहीशा अभिमानाने कळवली होती. आज ९ मे रोजी त्या वाफ्यात एकही कोंब उरलेला नाही. नवव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले, अकराव्या दिवशी पश्चिमेचा कोरडा चिनूक वारा सुटला आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मातीवर कडक पापुद्रा धरून सारे संपले.

प्रथम मी थंडीला दोष दिला, परंतु त्या आठवड्यात पहाटेचे तापमान उणे तीनच्या खाली गेले नव्हते आणि एवढी थंडी ही रोपे सहसा सोसतात. खरी अडचण बियांच्या स्वभावात आहे. खसखशीहूनही बारीक असलेल्या या बियांना उगवणीसाठी उजेड लागत असल्याने त्या मातीखाली झाकता येत नाहीत, आणि ज्या वरच्या थरावर त्या पडून राहतात तोच थर वाऱ्याने सर्वांत आधी सुकतो. (ज्या विक्रेत्याच्या पाकिटावर ‘अर्धा सेंटिमीटर खोल पेरा’ असे छापले आहे, त्याच्याकडून मी पुन्हा बियाणे घेणार नाही.) मेच्या उत्तरार्धात येणाऱ्या व्हिक्टोरिया दिनाच्या सुट्टीपर्यंत थांबण्याचा येथील शिरस्ता टोमॅटोसाठी योग्य आहे, कॅमोमाइलसाठी मात्र तोवर ऊन चढते आणि वरची ओल टिकवणे अधिकच अवघड होते.

याउलट ऑक्टोबरअखेर उत्तरेच्या कुंपणालगत सहज फोकलेल्या पट्ट्यात बर्फ उशिरापर्यंत वितळत राहिल्यामुळे ओल टिकली आणि तेथे आज सव्वीस रोपे उभी आहेत. मी ती तीनदा मोजली. आनंद मात्र बेताचाच ठेवला आहे, कारण आमच्या अल्बर्टा प्रांतात उपद्रवी तण म्हणून नोंदलेले गंधहीन कॅमोमाइलही या वयात असेच दिसते. फूल उभे चिरल्यावर आतला शंकू पोकळ निघाला आणि सफरचंदासारखा वास आला, तरच ती आपली.

आज दुबार पेरणी केली. बियाणे कोरड्या वाळूत मिसळून रांगोळीसारखे चिमटीने सोडले, फळीने दाबले आणि वर उजेड जाऊ देणारे पातळ पांढरे कापड अंथरले. बारीक फवाऱ्याचा साधा हातपंप महागड्या झारीपेक्षा कितीतरी सरस ठरला. त्याने बी जागचे हलत नाही.

सगळे बियाणे आजच संपवण्याचा बेत होता, पण हे लिहिताना वेगळेच सुचले. आपल्याकडे पेरणीला वाफशाची वाट पाहतात, कारण ओल्या मातीत औत चालत नाही. येथे मात्र वाफा ऑक्टोबरातच भुसभुशीत करून ठेवला, तर मार्चमध्ये मातीला हात न लावता थेट वितळत्या बर्फावर बी फोकता येईल. म्हणून उरलेले अर्धे बियाणे घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रीजमध्ये ठेवले आहे, आणि बाटलीवर ‘मार्च, वाफा क्रमांक २’ अशी चिठ्ठी लावली आहे.