कोबा आणि गोटी

मार्चअखेरीस कंपनीने आमची लाइन बंद केली आणि जूनच्या पहिल्याच सरीत हॉलचं छत गळू लागलं. वय ५१. चाकणला २२ वर्षं क्वालिटीत होतो, दुसऱ्यांच्या पार्टमधले दोष काढायचो. आता डोक्यावरचा दोष बादलीत टपटपत होता.

ग्रॅच्युइटीचा हिशेब तेवढा पाठ झालाय: शेवटचं बेसिक नि डीए गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. माझ्या ३१,००० वर साधारण ३ लाख ९३ हजार. आकडा बरा दिसतो, मुलीची इंजिनिअरिंगची फी आठवेपर्यंत.

गच्चीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, उपविधींत तसं आहे. सेक्रेटरी म्हणाले, "काका, फंडात काही नाही, दिवाळीनंतर बघू." पाऊस थांबतोय होय दिवाळीपर्यंत! शेवटी निम्मे मी घातले (पावती घेतली, सवय).

उघडीप मिळताच जुना कोबा (गच्चीवरचा विटा-सिमेंटचा थर) फोडला. उतार पाइपकडे नव्हताच, आमच्या हॉलकडे होता. विटांचे तुकडे, सिमेंट, नवा उतार. मी मुलीची जुनी गोटी गच्चीभर सोडून पाहिली. एका कोपऱ्यात अडली. गवंडीमामा वैतागले, "साहेब, कामाला जात नाही का?"

"नाही मामा."

त्यांनी न बोलता कोपरा उकरला.

मग पाइपांत बोळे कोंबून तीन दिवस पाणी साठवलं. ही रात्री स्टुलावर चढून छत चाचपायची. "अहो, कोरडं आहे." बादली अजून हॉलमध्येच आहे, हलवायचं धाडस कुणी केलेलं नाही.