लॅपटॉप अडकला तरी माईक चालू राहिला पाहिजे

एका ऑडिओ सीडीत ८० मिनिटं मावतात, म्हणजे पाच मिनिटांची पंधरा-सोळा गाणी. डीजेने लग्नाच्या ऑर्डरला दोनशे सीड्या नेल्या तर साधारण तीन हजार गाणी सोबत असायची, आणि त्यांच्या बॅगा उचलायला एक माणूस लागायचा. तेवढीच गाणी ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० किलोबिट माहिती) एमपी३ फाइलींमध्ये ३६ जीबीत बसतात. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह पुरून उरतो. मग लॅपटॉपवर गाणी वाजवायची सॉफ्टवेअर आली: व्हर्च्युअल डीजे २००३ मध्ये, सेराटो स्क्रॅच लाइव्ह २००४ मध्ये. हळद, संगीत, वरात, रिसेप्शन अशा ऑर्डरी घेणाऱ्यांनी सीडी सोडली ती मुख्यतः दोन गोष्टींसाठी: फर्माइश आली की दहा सेकंदांत गाणं सापडतं, आणि बेसच्या धक्क्याने सीडी उडण्याची भीती राहत नाही.

सीडीच्या जोडणीत एक मोठा गुण होता, तो या बदलात हरवला. दोन प्लेअर वेगळे, मिक्सर वेगळा. एकाच्या लेन्सवर धूळ बसली तरी दुसऱ्यावर गाणं चालू राहायचं आणि माईकला काहीच व्हायचं नाही. आता दोन्ही डेक (सॉफ्टवेअरमधले दोन प्लेअर), इफेक्ट, गाण्यांचा साठा आणि बऱ्याच छोट्या कंट्रोलरमध्ये (सॉफ्टवेअर हाताने चालवायचा, यूएसबीने जोडलेला बटणांचा बोर्ड) मिक्सिंगसुद्धा एकाच लॅपटॉपवर अवलंबून असतं. तो अडकला की मांडव शांत. म्हणून जोडणी करताना लॅपटॉप कधीतरी अडकणारच, हे धरूनच तारा लावायच्या.

कंट्रोलरचं आउटपुट थेट अॅम्प्लिफायरला किंवा पॉवर्ड (आतच अॅम्प असलेल्या) स्पीकरला देऊ नका. मध्ये चार ते सहा चॅनलचा साधा अॅनालॉग मिक्सर ठेवा. पहिल्या स्टिरिओ चॅनलवर कंट्रोलर, दुसऱ्यावर मोबाइल किंवा जुना टॅब, आणि माईक थेट या मिक्सरच्या एक्सएलआरमध्ये (तीन पिनांच्या गोल सॉकेटमध्ये), कंट्रोलरच्या माईक सॉकेटमध्ये नाही. काही कंट्रोलर लॅपटॉप बंद असला तरी माईक पुढे पाठवतात, काही पाठवत नाहीत. आपला कोणता आहे, हे यूएसबी काढून माईकमध्ये बोललं की कळतं. माईक वेगळा असेल तर गाणं थांबलं तरी निवेदकाला बोलता येतं, आणि त्या अर्ध्या मिनिटात लॅपटॉप परत उभा करता येतो. मोबाइलवर त्या कार्यक्रमाला चालतील अशी तासाभराची गाणी डाउनलोड करून ठेवा, मोबाइल फ्लाइट मोडवर टाका आणि त्या चॅनलचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती दांडी) खाली ठेवून गाणं आधीच चालू करून द्या. गरज पडली की फक्त फेडर वर करायचा. त्या घाईत फोन अनलॉक करून अॅप शोधायला हात स्थिर राहत नाहीत.

छोट्या कंट्रोलरला बहुतेक वेळा फक्त लाल-पांढऱ्या पिनांचं आरसीए आउटपुट असतं. ती लाईन अनबॅलन्स्ड असते, म्हणजे बाहेरची खरखर तिच्यात सहज शिरते, म्हणून तिची तार तीन मीटरच्या आत ठेवा. मिक्सरपासून स्पीकरपर्यंतची लांब तार एक्सएलआरच हवी. आरसीएला पी-३८ (पाव इंची जॅक) पिन जोडून वीस मीटर तार ओढली आणि ती लाइटच्या वायरीबरोबर बांधली, की डिमर फिरवताना स्पीकरमधून खरखर येते.

लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून ‘हं’ असा अखंड आवाज येणं ही सर्रास दिसणारी तक्रार. चार्जर काढून पाहा. आवाज गेला तर तो ग्राउंड लूप आहे: लॅपटॉपचं अर्थिंग आणि मिक्सरचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला पोचतंय आणि ऑडिओच्या तारेने ते वर्तुळ पूर्ण केलंय. आधी लॅपटॉप आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी राहिला तर कंट्रोलर आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला दोन चॅनलचा डीआय बॉक्स टाका, तो आवाज पुढे देतो पण ते वर्तुळ तोडतो. प्लगची अर्थिंगची पिन तोडायची किंवा तिच्यावर टेप लावायची पद्धत अजून दिसते. ती करू नका, कोणालाही करू देऊ नका. ओल्या लॉनवर, हळदीच्या पाण्यात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात धातूचा माईक असतो.

चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर कार्यक्रम उरकणं हाही उपाय नाही. बॅटरीवर विंडोज बऱ्याचदा प्रोसेसरचा वेग कमी करतं आणि आवाज तुटू शकतो.

आता विंडोजच्या आतल्या गोष्टी. नव्वद टक्के रॅम मोकळी असली तरी आवाज तुटू शकतो, कारण कोणत्या तरी ड्रायव्हरने प्रोसेसर काही मिलिसेकंद अडवून धरलेला असतो. वाय-फायचा ड्रायव्हर यात नेहमी संशयित. ही अडवणूक मोजणारं लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर पंधरा मिनिटं वाय-फाय चालू ठेवून चालवा, मग बंद करून चालवा. आकडे स्वतःच सांगतात. कार्यक्रमात वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ डिसेबल करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू देणारी खूण काढा. कंट्रोलर मध्येच क्षणभर गायब होऊन परत येण्यामागे बऱ्याचदा हीच खूण असते. विंडोज अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. लग्नसराईत ते थांबवाच, आणि मधल्या मोकळ्या आठवड्यात अपडेट करून घरी दोन तास वाजवून बघा. सिस्टिमचे आवाज ‘नो साउंड्स’वर न्या, नाहीतर बॅटरी कमी झाल्याची घंटा पंधरा इंची बेसमधून ऐकू येते. लॅपटॉपचं झाकण लागलं तर काही करू नये, अशी सेटिंगही ठेवा. गर्दीत कोणाचा तरी कोपर लागतोच.

बफर (वाजण्याआधी साठवलेला आवाजाचा तुकडा; मोठा असेल तर आवाज कमी तुटतो, पण उशिरा येतो) किती ठेवायचा, यावर फार वाद घालण्यासारखं काही नाही. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सँपल म्हणजे ५.८ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६. चकती हाताने पुढेमागे फिरवून स्क्रॅच करणाऱ्याला हा फरक बोटांना जाणवतो. लग्नात गाण्यावर गाणं चढवणाऱ्याने ५१२ ठेवून निर्धास्त राहावं. विंडोजवर ड्रायव्हर मात्र कंट्रोलरच्या कंपनीचा, आवाज कमी उशिराने पोचवणारा एएसआयओच निवडा. मॅकवर हा प्रश्न येत नाही, पण तिथे मोठं अपडेट आलं की कंट्रोलरचा ड्रायव्हर बंद पडू शकतो, म्हणून सीझनमध्ये त्याला हात लावू नका.

कंट्रोलरची यूएसबी केबल थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये, आणि दरवेळी त्याच पोर्टमध्ये. पोर्ट बदलला की विंडोज ते उपकरण नव्याने ओळखायला घेतं. केबल दीड-दोन मीटरची जाड घ्या, तिला टेबलाच्या पायाला टेपने बांधा, आणि बॅगेत दुसरी ठेवा. ही साधी केबल जितके कार्यक्रम थांबवते तितके सॉफ्टवेअर थांबवत नाही.

महावितरणची लाईन जाऊन जनरेटर चालू होईपर्यंत काही सेकंद जातात. लॅपटॉप बॅटरीवर तगतो, यूएसबीवर चालणारा छोटा कंट्रोलरही तगतो. पण स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा मोठा कंट्रोलर आणि मिक्सर बंद होतात. या दोघांसाठी ६०० व्हीएचा कॉम्प्युटरचा यूपीएस पुरतो. अॅम्प्लिफायर त्यावर कधीच लावू नका. वीज गेली की आधी मिक्सरचा मास्टर खाली आणा, अॅम्प बंद करा, आणि वीज स्थिर झाल्यावर अॅम्प शेवटी चालू करा. नाहीतर जो ‘धप’ बसतो तो टॉपमधल्या (बेसच्या वर ठेवायच्या स्पीकरमधल्या) ट्वीटरची व्हॉइस कॉइल घेऊन जातो.

उन्हाळा हा वेगळाच विषय. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात दुपारच्या वरातीत गाडीवर ४२-४३ अंश असतात, वर ऊन थेट झाकणावर. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो आणि आवाज तुटतो. लॅपटॉप स्टँडवर उचला, खालून हवा जाऊ द्या, वर सावली करा, आणि बेसच्या पेटीवर ठेवू नका. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती बदलून एसएसडी टाका, कारण बेसच्या कंपनाने तिचं वाचन अडखळतं. हळद, गुलाल आणि पेपर ब्लास्टर यांपासून दोन-तीन मीटर लांब टेबल मागून घ्या. पंख्यातून आत गेलेली हळद बाहेर काढायला लॅपटॉप खोलावा लागतो.

गाण्यांबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल, कारण लॅपटॉपमुळे बिघडलेली सर्वात मोठी गोष्ट आवाजाचा दर्जा आहे. सीडीवर १,४११ केबीपीएसचा आवाज असायचा. आता कुठून तरी उतरवलेली १२८ केबीपीएसची फाइल ३२० मध्ये बदलून ‘ओरिजिनल’ म्हणून फिरते. बदलल्याने हरवलेलं परत येत नाही. स्पेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाका, ते तिच्यातल्या खालच्या-वरच्या पट्ट्यांच्या आवाजांचं चित्र काढतं. चित्र १६ किलोहर्ट्झच्या आसपास कापल्यासारखं सपाट संपलं, तर मूळ फाइल बहुधा १२८ चीच होती. मोबाइलवर फरक कळत नाही, मोठ्या टॉपवर मात्र झांज आणि टाळ पत्र्यासारखे वाजतात. गाणी विकत घ्या किंवा जुन्या सीड्या स्वतः रिप करा, म्हणजे लॅपटॉपवर उतरवा. आपल्याकडची सीडी ही अजूनही उत्तम मूळ प्रत आहे.

दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं सिंकचं बटण मराठी गाण्यांवर डोळे झाकून दाबू नका. लाइव्ह ढोलकीवर रेकॉर्ड झालेल्या जुन्या लावण्या आणि कोळीगीतं एका ठराविक वेगात नसतात. सुरुवातीला बसवलेली बीटग्रिड (ठोक्यांच्या खुणांची जाळी) दोन मिनिटांनी सरकलेली असते. दादऱ्याच्या सहा मात्रांवरचं गाणं, गोंधळाच्या अंगाचं विशेषतः, सॉफ्टवेअर चारात मोजतं आणि मिनिटाला १०० ठोक्यांचा वेग १५० दाखवतं. अशा गाण्याला ग्रिड मोठ्या ठोक्यावर बसवा, म्हणजे सहा मात्रांत दोन ठोके. मग दोन आणि चार ठोक्यांचे लूप बरोबर पडतात. ७० आणि १४० ची गफलत तर रोजची, ती दुप्पट-निम्म्याच्या बटणाने सुटते. हे सगळं घरी बसून करायचं काम आहे, मांडवात नाही.

फाइलींची नावं एकाच पद्धतीने लिहा. रोमन लिपीत ‘ळ’ कोणी एल लिहितो, कोणी एलएच. शोधताना गाणं असून सापडत नाही. कमेंटच्या रकान्यात हळद, वरात, जागरण, लहान मुलं असे शब्द टाकून ठेवले की सर्च त्यावरही चालतो.

मंगलाष्टकांनंतरचा क्षण लॅपटॉपवर सीडीपेक्षा चांगला साधता येतो, फक्त तयारी हवी. अंतरपाट दूर झाला की वाजंत्री त्याच सेकंदाला सुरू व्हायला पाहिजे. बऱ्याच फाइलींच्या सुरुवातीला दीड-दोन सेकंद शांतता असते. हॉट क्यू (बटण दाबताच गाणं तिथूनच सुरू करणारी खूण) पहिल्या सनईच्या सुरावर लावा, ते गाणं एका डेकवर चढवून ठेवा आणि त्या डेकला मधल्या वेळात हात लावू नका. दुसऱ्या हाताने माईकचा फेडर खाली.

रात्री दहानंतर मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार मनाई आहे. सरकारने जाहीर केलेल्या थोड्या दिवसांना बारापर्यंत सूट मिळते, लग्नाच्या तारखेला ती असेलच असं नाही. प्लेलिस्टच्या एकूण वेळेचा आकडा सॉफ्टवेअर दाखवतंच, तेव्हा शेवटची तीन गाणी पावणेदहाला सुरू होतील असा हिशोब आधी यजमानांना दाखवून ठेवा.

आणि पहिल्या ऑर्डरच्या आधी घरी पूर्ण जोडणी करून, गाणं चालू असताना कंट्रोलरची यूएसबी केबल उपटा. माईक चालू आहे का, मोबाइलवरचं गाणं किती सेकंदांत वर येतं, केबल परत लावल्यावर सॉफ्टवेअर कंट्रोलर स्वतः ओळखतं की बंद करून उघडावं लागतं, हे तिन्ही बघून घ्या. गाणं परत यायला पाच सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर दुसऱ्या चॅनलची जोडणी अजून नीट झालेली नाही.