लेखनाला स्वतःचा पत्ता मिळाला तेव्हा

सोलापूरच्या गिरण्या, पूर्व भागातील यंत्रमाग आणि संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा यांवर मी अनेक वर्षे फेसबुकवर लिहीत होते. प्रतिसाद भरपूर मिळे, मात्र थोडे दिवस गेले की तोच लेख मलाही सापडत नसे. या यात्रेतले सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या) आणि अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा यांविषयीचे टिपण दर संक्रांतीला कोणीतरी मागे आणि मी ते पुन्हा शोधत बसे. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, तेव्हा त्यावर लिहिणाऱ्यांची झालेली धावपळ आठवून मी अखेर स्वतःची वेबसाइट सुरू केली.

पहिले काम डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे होते. देवनागरी ‘.भारत’ मोहात पाडणारे होते. तथापि अनेक ठिकाणचे फॉर्म असा पत्ता अजूनही सहज स्वीकारत नाहीत, म्हणून मी ‘डॉट इन’ निवडले. साइट उभारून देणारा तंत्रज्ञ सोयीसाठी त्याच्याच खात्यातून नोंदणी करणार होता, पण नोंदणी माझ्या नावाने आणि माझ्याच ईमेलवर व्हावी यावर मी अडून बसले. होस्टिंग, म्हणजे साइटच्या फाइली ठेवण्याची भाड्याची जागा, कधीही बदलता येते; पत्ता मात्र ज्याच्या नावावर असतो त्याच्याच हाती राहतो. वर्षाला हजार रुपयांच्या आत मिळणारी ही मालकी मला सर्वांत मोलाची वाटते.

साइट चालवण्यासाठी घेतलेले वर्डप्रेस हे मुक्त सॉफ्टवेअर असल्याने त्याचा वेगळा खर्च आला नाही. खरा वेळ गेला तो जुन्या मजकुरात. वृत्तपत्रांसाठी श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-प्रणालीत टाइप केलेले लेख युनिकोडमध्ये, म्हणजे इंटरनेटवर सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात आणताना ‘विणणाऱ्या’चे ‘विणणार्या’ झाले होते, आणि असा शब्द शोधयंत्रालाही नीट सापडत नाही, त्यामुळे प्रत्येक परिच्छेद डोळ्यांखालून घालावा लागला. लेखांचे दुवे मी रोमन लिपीत ठेवले, कारण देवनागरी दुवा पाठवताना अनेकदा त्यातील एकेका अक्षराची आणि मात्रेची नऊ-नऊ चिन्हे होतात आणि दुवा वीतभर लांबतो.

स्वतःच्या साइटचा लाभ मला सर्वाधिक जाणवला तो सोलापुरातील १९३० च्या मार्शल लॉवरील (लष्करी अंमलावरील) लेखात. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. पूर्वी दर जानेवारीत मी त्यावर नवी पोस्ट लिही आणि आधीची तशीच विस्मरणात जाई. आता एकच पान आहे. त्यात नवी माहिती भरते, दुरुस्ती केल्यास तारखेसह तशी नोंद करते आणि गिरणी कामगारांवरील लेखांना ते जोडते. शोधयंत्रातून आलेले विद्यार्थी प्रकल्पासाठी हेच पान उघडतात. लांबीचे बंधन नाही, जाहिरात लावायची की नाही हेही मीच ठरवते (अद्याप लावलेली नाही).

वाचकसंख्या फेसबुकच्या मानाने कमी आहे, हे मान्य करायला हवे. म्हणून तिथले खाते मी बंद केलेले नाही. दोन ओळी आणि दुवा देते, मूळ लेख मात्र साइटवरच ठेवते. दर महिन्याला संपूर्ण मजकुराची फाइल उतरवून घरच्या हार्डडिस्कवर साठवते. होस्टिंगची मुदत संपल्यावर त्याच फाइलच्या आधारे मी सगळे दुसऱ्या कंपनीकडे हलवले. पत्ता तोच राहिल्याने एकाही वाचकाला नवा दुवा पाठवावा लागला नाही.