टनापासून मिलिग्रॅमपर्यंत: एका फॉर्मपायी गेलेले एकोणीस दिवस

एकक बदलायला बसण्याआधी समोरच्याला एवढंच विचारा: तुमचा दिवस किती तासांचा? मी ते विचारलं नाही आणि ऐन हंगामाच्या तोंडावर एकोणीस दिवस घालवले.

मी साखर कारखान्यात केमिस्ट आहे. कारखाना 3500 टीसीडीचा, म्हणजे दिवसाला 3500 टन ऊस गाळणारा. क्लॅरिफायरमध्ये रसातला गाळ लवकर खाली बसावा म्हणून फ्लॉक्युलंट सोडतात. आमच्याकडे टन उसामागे 3 ग्रॅम. त्याचा जुना डोसिंग पंप गेल्या हंगामातच आचके देत होता, म्हणून नवा घ्यायचं ठरलं. कोटेशन, मंजुरी, ॲडव्हान्स, सगळं आठवड्यात उरकलं. घोडं अडलं ते पुरवठादाराच्या ऑफिसात, एका फॉर्मवर.

त्यात उसाचा दर किलो प्रति सेकंद मागितला होता आणि फ्लॉक्युलंटचा मिलिग्रॅम प्रति सेकंद. आम्ही रोज टन आणि तास बोलणारी माणसं. तरी बसलो. आपल्याकडे कारखान्याची क्षमता परंपरेने 22 तासांच्या दिवसावर धरतात; दोन तास साफसफाईचे, थांबण्याचे. म्हणून 3500 भागिले 22, ताशी 159.09 टन. त्याचे सेकंदाला 44.19 किलो. टनामागे 3 ग्रॅम म्हणजेच किलोमागे 3 मिलिग्रॅम, अर्थात 3 पीपीएम (दहा लाख भागांत 3 भाग), म्हणून 44.19 गुणिले 3, सेकंदाला 132.6 मिलिग्रॅम. (पीपीएमचा हा फायदा लक्षात ठेवा: किलो प्रति सेकंदाला पीपीएमने गुणलं की उत्तर थेट मिलिग्रॅम प्रति सेकंदात येतं. शून्यं मोजत बसावं लागत नाही.)

पाच दिवसांनी फॉर्म परत आला. शेरा: ‘गणित जुळत नाही.’ कुठलं, कुठे, काही नाही. मी कॅल्क्युलेटर घेऊन पुन्हा बसलो, लॅबमधल्या सहकाऱ्याकडूनही तपासून घेतलं. उत्तर तेच. सगळ्या पायऱ्या लिहून फॉर्म पुन्हा पाठवला. पुन्हा परत, पुन्हा तेच तीन शब्द. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. इकडे चीफ केमिस्ट रोज सकाळी विचारायचे, “पंपाचं काय झालं?” आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. चूक सापडली असती तर मी मान्य केली असती. पण चूक दाखवायचीच नाही आणि कागद मात्र परत पाठवायचा, याचा संताप अजून गेलेला नाही.

शेवटी त्यांच्याच ड्रॉइंग विभागातल्या एका मुलाने फोनवर सांगितलं, “सर, आमच्या शीटमध्ये 86,400 ने भागलंय.” तेव्हा उलगडा झाला. 24 तासांचे सेकंद! त्या हिशेबाने ऊस येतो 40.51 किलो आणि फ्लॉक्युलंट 121.5 मिलिग्रॅम. माझ्या 22 तासांचे सेकंद 79,200. दोन्ही भागाकार बरोबर, फरक नऊ टक्क्यांचा. पण मिल चालू असते तेव्हा ती ताशी 159 टनांनीच चालते. त्यांच्या आकड्यावर पंप घेतला असता तर पूर्ण गाळपाला डोस कमी पडला असता, गाळ नीट बसला नसता आणि गढूळ रस पुढे गेला असता.

मग मी टीसीडी हा शब्दच खोडला. ‘मिल चालू असताना ताशी 159.09 टन’ एवढं लिहून पाठवलं. अर्ध्या दिवसात मंजूर. त्या दिवशी जेवण गोड लागलं.

आणखी एक, आत्ता आठवलं म्हणून. त्या फॉर्मवर सगळी एककं कॅपिटल अक्षरांत छापलेली होती. इंग्रजीत छोट्या एमने मिलिग्रॅम होतो आणि मोठ्या एमने मेगाग्रॅम, म्हणजे अख्खा एक टन. अब्जपट फरक. तेव्हापासून मी ‘मिलिग्रॅम’ पूर्ण अक्षरी लिहितो. आणि 11.574 हा आकडा पाठ करून ठेवा: 24 तासांच्या दिवसाला 1 टन म्हणजे सेकंदाला 11.574 ग्रॅम, दिवसाला 1 किलो म्हणजे सेकंदाला तेवढेच मिलिग्रॅम. मोठं असो की बारीक, आकडा तोच, फक्त एकक हजार पटीने उतरतं.

मोळी पडायच्या दोन दिवस आधी पंप बसला. लिटरला अर्धा ग्रॅम असं द्रावण करतो आम्ही, म्हणजे सेकंदाला 265 मिलीलिटर यायला हवं. 20 लिटरची बादली नळीखाली धरली, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. फिटर वाकून काठाकडे बघत होता. “भरली!” म्हणाला तेव्हा 75 सेकंद झाले होते.