आधी काय सुटतं, अँकर की टाका?

आजचा दिवस दुर्बिणीतून खांद्याच्या शस्त्रक्रियेचा, म्हणजेच सूचर अँकरचा. दोरे ओवलेली ही छोटी खुंटी हाडात रुतवायची आणि फाटलेली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तिला बांधायची. रोटेटर कफला (खांदा फिरवणाऱ्या कंडरांना) साधारण 4.5 ते 5.5 मिमी व्यासाचा, लॅब्रमला (सांध्याच्या खोबणीच्या मऊ कडेला) 3 मिमीच्या आसपास. आधी पंचने भोक, हाड कडक असेल तर टॅपने त्यात आटे, मग अँकर पृष्ठभागाखाली जाईपर्यंत फिरवायचा. वर राहिलेलं धातूचं डोकं समोरची कूर्चा अक्षरशः किसतं.

अँकर उपटेल ही भीती सगळ्यांना. चांगल्या हाडात मात्र बहुधा दोराच कंडरेला चिरत बाहेर येतो, म्हणून अगदी कडेला टाका नको आणि ओढूनताणून बांधणं तर नकोच.

ठिसूळ हाडाचं गणित वेगळं. पकड वरच्या कवचात असते, आणि आपण 'कंडरा जुळायला रक्त यायला हवं' म्हणत तेच खरवडून टाकतो! हलकं घासणं पुरतं. सांध्याच्या कडेजवळ हाड घट्ट, बाहेर सरकलं की भुसभुशीत. शल्यविशारद बर्कहार्टचा 45 अंशांचा 'डेडमन' कोन (1995), म्हणजे अँकर हाडात तिरका घालणं, सगळ्यांना पाठ. पण पेचदार अँकर 90 अंशांत जास्त धरतो असं दाखवणारे प्रयोगही आहेत.

ऑल-सूचर अँकरमध्ये खुंटीच नाही. दोऱ्याची नळी आत सारून मागे ओढली की कवचाखाली तिचा गोळा होतो. हे ओढणं कमी पडलं तर गाठ मारताना तो सरकतो आणि कंडरा हाडापासून उचलली जाते. सरकत्या गाठीवर पोस्ट (ज्या दोऱ्याभोवती गाठ बसते तो) बदलत तीन अर्ध्या गाठी, त्याहून कमी नाही.