साड्यांचं घर

संक्रांत आणि रथसप्तमीच्या मधला एखादा रविवार. शाळांच्या परीक्षा लांब, पाऊस त्याहून लांब, आणि हळदीकुंकवाच्या निमित्तानं बायका घराबाहेर पडायला तयार. मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये घरासाठी आणि धड हवा-पाण्यासाठी झगडणारी जी मंडळं होती, त्यांचा वार्षिक मेळावा बहुधा या पंधरवड्यात पडायचा. पुढे 'हळदीकुंकू' हा शब्द पत्रकावरून गेला, कारण गल्लीतल्या चाची आणि आपा बाहेरच थांबायच्या. 'तिळगूळ मेळावा' झाला आणि गर्दी दुप्पट झाली. वाण म्हणून वाटीऐवजी प्लास्टिकची फाइल द्यायची, हीसुद्धा तेव्हाचीच टूम. तिचा उपयोग पुढे येईलच.

भाषणं असायची, पण ती आता कुणाला आठवत नाहीत. आठवतं ते साड्यांचं घर.

झोपडपट्टी पुनर्वसन म्हणजे झोपु योजनेत मिळणारं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ चं झालं, मग ३०० चं. आकडा पाठ असला तरी तो डोळ्यांपुढे उभा राहत नाही. म्हणून मैदानात घर मांडायचं, एकास एक मापाचं. ही कल्पना तशी उसनी. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८० च्या दशकात अशीच पूर्ण आकाराची घरं उभी करून लोकांना आणि अधिकाऱ्यांना आत फिरवलं होतं. १९८१ च्या पावसाळ्यात फुटपाथवरच्या झोपड्या उठवण्याची मोहीम निघाली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे हे कोर्टानं मान्य केलं. पण रीतसर नोटीस देऊन उठवायची मुभाही ठेवली. त्याच वर्षी स्पार्क संस्थेनं फुटपाथवरच्या कुटुंबांची गणना केली आणि १९८६ मध्ये महिला मिलन हे फुटपाथवरच्या बायकांचं संघटन उभं राहिलं. उठवणार असाल तर कुठे आणि कसल्या घरात ठेवणार, हे आम्हीच मांडून दाखवतो, असा त्या नमुन्यांमागचा रोख होता. वस्त्यांच्या मेळाव्यांनी तो उचलला आणि भिंतींना घरातल्या साड्या लावल्या.

२६९ चौरस फूट म्हणजे २५ चौरस मीटर. ४ मीटर रुंद आणि सव्वासहा मीटर लांब आयत धरला की हिशेब सोपा होतो. सुतळीला ३, ४ आणि ५ मीटरच्या बाजू पडतील अशा गाठी मारून त्रिकोण ताणायचा म्हणजे कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात येतो. चारही कोपरे आले की कर्ण मोजायचे. दोन्ही ७ मीटर ४२ सेंटिमीटर भरले पाहिजेत. ५ सेंटिमीटरचा फरक असला तर पुन्हा सुतळी. टेप हवेत झोल खाते, म्हणून ती जमिनीवर टेकवूनच वाचायची. मग फक्कीची रेघ.

मैदान डांबरी असेल तर बांबू पुरता येत नाहीत. त्यासाठी १५ लिटरचे तेलाचे रिकामे डबे, त्यात वाळू ठासून मधोमध बांबू. एक डबा वीस-पंचवीस किलोचा होतो. चार कोपऱ्यांना चार, लांब बाजूंच्या मध्यावर दोन, दाराला दोन, असे आठ. वरून आडवे बांबू सुंभानं बांधले नाहीत तर अख्खं घर तिरकं होतं. साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा वार पन्ह्याची. घराचा फेरा साडेवीस मीटर, म्हणून एका रांगेला चार साड्या पुरतात. दोन रांगा एकावर एक लावल्या की भिंत डोक्यावर जाते. बाहेरच्या भिंतींना आठ, आतल्या आडोशांना आणखी तीन-चार. प्रत्येक साडीच्या टोकाला घरनंबराची चिठ्ठी टाचणीनं लावायची. चिठ्ठ्या विसरल्या की संध्याकाळी जी भांडणं होतात त्यापुढे बिल्डरशी झालेली भांडणं गोड वाटावीत.

सगळ्यांत महागात पडणारी चूक डब्याची. डब्याची बाजू साधारण २४ सेंटिमीटर. हौशी पोरं डबे बरोबर रेघेवर ठेवतात आणि साडी डब्याच्या आतल्या अंगानं लावतात. म्हणजे प्रत्येक भिंत १२ सेंटिमीटर आत सरकली. ४ मीटरचे ३.७६ राहिले, सव्वासहाचे ६.०१. गुणाकार केला तर २२.६ चौरस मीटर. २६९ चे २४३ झाले आणि कुणाला कळलंही नाही. ही चूक सकाळीच दुरुस्त करू नये. दुपारपर्यंत तशीच ठेवावी, सगळ्यांसमोर टेप लावावी आणि मग डबे रेघेबाहेर सरकवावेत. कार्पेट क्षेत्र म्हणजे भिंतीच्या आतल्या अंगापासून आतल्या अंगापर्यंत, हे त्यानंतर पुन्हा समजवावं लागत नाही. मंडळातल्या जुन्या बायका ताबा घ्यायला जाताना पिशवीत टेप टाकतात, त्याचं मूळ इथे आहे.

घर उभं राहिलं की सामान. खोटं नाही, खरं. सहा बाय चारचा पलंग, तीन फुटी कपाट, शिलाई मशीन, २०० लिटरचा ड्रम. मोरी आणि संडासाच्या जागा फक्कीनं आखलेल्या. दारं पुठ्ठ्याची, पण सुतळीच्या बिजागरीवर उघडणारी. ती उघडायला लावली की खरी गंमत सुरू होते. फ्रिजचं दार आणि मोरीचं दार एकमेकांवर आपटतात. मशीन खिडकीपाशी ठेवावं तर पलंगाला जागा नाही, पलंग भिंतीला लावावा तर कपाटाचं एकच दार उघडतं. "मग ह्यांना कुठे झोपवू, ओट्याखाली?" असं कुणी मावशी विचारते आणि सगळा मांडव हसतो. पण प्रश्न खराच असतो. वस्तीतलं घर वर वाढतं, पोटमाळा निघतो, खाली गिऱ्हाईक आणि वर संसार. इमारतीतली खोली वाढत नाही. जरीकाम, मशीनकाम, डबे करणं असे घरात चालणारे धंदे त्या आयतात कुठे बसतील हे नकाशावर कुणी विचारत नाही. साडीच्या घरात ते पाचव्या मिनिटाला विचारलं जातं.

२६९ चं ३०० झालं तेव्हा त्याच मैदानात लांबीची रेघ पुढे ओढली. रुंदी तीच ठेवली तर लांबी वाढते सुमारे ७२ सेंटिमीटर. एकतीस चौरस फूट, म्हणजे एक पलंग आणि त्याभोवती चालायला चिमूटभर जागा. काहींना ते फार वाटलं, काहींना काहीच नाही. दोघांचंही बरोबर होतं. मात्र कुणी मंचावरून 'मोठं घर' म्हणालं की पोरं त्या ७२ सेंटिमीटरच्या पट्टीत जाऊन उभी राहायची.

वारा हा मोठा शत्रू. दुपारनंतर खाडीकडून वारा सुटला की साड्यांचं शीड होतं आणि डब्यांसकट भिंत सरकते. उपाय एकच, वाऱ्याकडची खालची रांग सोडून द्यायची. त्यामुळे महत्त्वाच्या पाहुण्याला दुपारी तीनला बोलावू नये.

उन्हाचा खेळ मुलांकडे असायचा. दोन पुठ्ठ्याची खोकी, प्रत्येक २१ सेंटिमीटर उंच. एका सेंटिमीटरला एक मीटर धरलं तर सात मजले. मध्ये फट ३ सेंटिमीटर, कारण काही पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमध्ये अंतर तीन मीटरच आहे. फट पूर्व-पश्चिम ठेवायची आणि ऊन सर्वांत उंच असताना बघायचं. मुंबईत जानेवारीअखेर ती वेळ बाराची नसते, बारा-पन्नासच्या आसपास असते. बारालाच खोकी मांडून 'झालं' म्हणणारे मास्तर दरवर्षी एखादे निघायचेच. उत्तरेकडच्या खोक्याच्या तोंडावर ऊन जिथपर्यंत उतरतं तिथे पेन्सिलची खूण. ती वरच्या कडेपासून जेमतेम चार सेंटिमीटरवर येते. म्हणजे सातवा मजला उन्हात, सहाव्याला वरच्या वर थोडं, आणि खालचे पाच मजले भर दुपारी सावलीत. डिसेंबरात तर सहाव्याला नावापुरतंच. खोकी सरकवून फट ६ ची केली, ९ ची केली की खूण किती खाली येते हे पोरं स्वतःच मोजायची. गोवंडी-मानखुर्दच्या वसाहतींचा एक अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला, त्यात ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग अधिक आढळला होता. तो मांडवात वाचून दाखवला तेव्हा फार समजवावं लागलं नाही. खोक्यांवरच्या खुणा सगळ्यांनी पाहिल्या होत्या. घराचा प्रश्न आणि हवेचा प्रश्न वेगळ्या दिवशी, वेगळ्या पत्रकावर घेऊ म्हणणारे कार्यकर्तेही त्या खोक्यांपाशी गप्प व्हायचे.

मग नाल्याकडची गल्ली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी कुठवर आलं होतं हे प्रत्येकाला आठवतं, पण प्रत्येकाचं वेगळं. कुणाचं कमरेपर्यंत, कुणाचं 'गॅसच्या वर'. त्यात दरम्यानच्या वर्षांत प्रत्येकानं भराव टाकून लादी वर घेतलेली, त्यामुळे लादीपासून मोजलेली खूण फसवते. सगळ्यांच्या खुणा एकाच पातळीवरून ताडून बघायला गवंड्याची पाण्याची नळी. बोटाएवढी जाड, पारदर्शक, दहा-बारा मीटर. ती नळाखाली धरून भरली तर बुडबुडे राहतात आणि एक बुडबुडा सगळं माप बिघडवतो. बादली उंचावर ठेवून तोंडानं ओढून भरायची, पाण्यात निळीचे दोन थेंब टाकायचे. आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेघेत येतं का बघायचं. चालताना दोन्ही टोकांना अंगठा. जागेवर पोचल्यावर दोन्ही अंगठे सोडायचे, एकच सोडला तर पाणी हलत नाही आणि खोटी खूण पडते. एक टोक विजेच्या खांबावरच्या पक्क्या खुणेशी, दुसरं प्रत्येक दाराशी. चाळीस पावलांची गल्ली दोन तासांत होते.

एवढ्या छोट्या गल्लीत साचलेलं पाणी जवळजवळ सपाट असतं. म्हणून बाकीच्या खुणा एका रेघेत आल्या आणि एकच हातभर वर गेली, तर ती आठवण तपासायची. तपासायची म्हणजे खोडायची नव्हे. कधी कधी त्या घराशेजारी तुंबलेलं गटार निघतं आणि म्हातारीच खरी ठरते. लाल रंगाची ती रेघ खांबांवर वर्षभर राहते. नाल्याकाठी भिंत बांधणार, कल्व्हर्ट (रस्त्याखालून पाणी जायची वाट) अरुंद होणार असं कानावर आलं की निवेदनात 'पाणी शिरतं' असं मोघम लिहायची गरज राहत नाही. कुठल्या खांबापाशी किती सेंटिमीटर, ते लिहिता येतं. मोघम निवेदनाला पोच मिळते. आकडा असला तर निदान कुणीतरी मोजायला येतं.

कागदांच्या टेबलापाशी रांग सर्वांत लांब आणि हसू सर्वांत कमी. इथे ती वाणाची फाइल उघडायची. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेचा फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं ओळखपत्र, ज्यांच्याकडे असेल त्यांचा तो सर्वांत वर, मग मतदार यादीतलं नाव, रेशन कार्ड, विजेची बिलं, सगळं सालवार. १ जानेवारी २००० च्या आधीचे कागद वेगळ्या खणात, कारण मोफत घराची पात्रता त्या तारखेवर अडते. परिशिष्ट-२ ची, म्हणजे कोण पात्र आणि कोण अपात्र याची यादी लागते तेव्हा 'अपात्र' शेऱ्यामागे पुष्कळदा फालतू कारणं असतात. एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. सर्व्हेत एक घरनंबर, बिलावर दुसरा. गुळगुळीत कागदावरच्या पावत्यांची अक्षरं उन्हाळ्यात उडून जातात, त्यांची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढायची. आणि लॅमिनेशन नको. जपायला म्हणून लोक फोटोपास प्लास्टिकमध्ये बंद करतात, मग मागचा शिक्का तपासताना नखं लागतात आणि कागदच सोलून येतो. टेबलावरच्या मुलींना एकच सक्त नियम होता: मूळ कागद हातात घेऊन वाचायचा आणि लगेच परत द्यायचा. 'राहू दे, उद्या नेते' याला ताईनं होकार दिला की पुढचं वर्षभर निस्तरत बसा.

संमतीपत्राचा नमुना शेवटी. आधी योजनेला ७० टक्के रहिवाशांची संमती लागायची, पुढे ती ५१ वर आली. म्हणून कोऱ्या कागदावर सही करू नका हे सांगण्यापेक्षा कोरा कागद आणि भरलेला कागद शेजारी टांगलेले असायचे. खोलीचं माप, इमारत होईपर्यंतच्या संक्रमण काळातलं भाडं, इमारतींमधलं अंतर, या तीन ओळी भरलेल्या दिसल्या तरच पेन हातात. तिसरी ओळ छापील नमुन्यात नसायची. ती खोक्यांचा खेळ बघून आलेल्या बायकांनी हातानं लिहायला लावली.

हिशेबवाचन फळ्यावर, सगळ्यांत कंटाळवाणं आणि म्हणूनच सूर्यास्ताआधी. अंधार पडला की लोक पांगतात आणि हिशेब न विचारता पास होतो. ते बरं नव्हे.

मोडायला अर्धा तास पुरतो. वरचे आडवे बांबू आधी, साड्या नंतर, वाळू गोणीत. टाचण्या मोजून काढायच्या, नाहीतर सोमवारी कुणाच्या तरी निऱ्यांत सापडतात. ट्रंकेत जातं ते थोडकं: ३० मीटरची टेप, गाठी मारलेली सुतळी, दोन खोकी, उरलेल्या फाइली. नळी मात्र लगेच गुंडाळून ठेवायची नाही. पाणी पूर्ण काढून दोन दिवस खिळ्याला टांगावी लागते. नाहीतर पुढच्या जानेवारीत आत शेवाळ धरलेलं असतं आणि पाण्याची रेघच दिसत नाही.